ठेव

पराक्रमाची गोष्ट सांगणे सोपे असते. संसाराची सांगणे कठीण. पराक्रमाला तारीख असते, साक्षीदार असतात आणि पुढे सरकारी राजपत्रात छापलेला मजकूरही असतो. संसाराचे तसे नाही. चाळीस वर्षे एक माणूस पहाटे उठला, शेतावर गेला, दिवेलागणीला घरी परतला, याची नोंद कोणते राजपत्र घेणार? वीरपुरुषांची चरित्रे वाचताना आम्हांस म्हणूनच चुकल्याचुकल्यासारखे वाटते. लढाई संपते आणि तिच्याबरोबर चरित्रही संपते.

आमच्या घराण्यात शिपाई कोणी झाला नाही. आमचे घराणे कारकुनांचे. बदलीचा हुकूम आला की बाडबिस्तरा आवरायचा, एवढीच काय ती आमची मोहीम. दिल्लीस बदलून आलो तेव्हा हरियाणातील वृद्ध सैनिक प्रथम जवळून पाहिले ते नोव्हेंबर महिन्यात. हयातीचा दाखला देण्यासाठी ते बँकेच्या दारात रांगेने उभे असत. डोक्यावर पागोटे, हातात काठी, छातीशी धरलेली कागदांची पिशवी. ‘आम्ही अजून जिवंत आहोत’ हे दर वर्षी लिहून देणारी ती माणसे पाहून आम्ही त्यांच्या मुलखाची माहिती मिळवू लागलो. त्या वाचनातच झज्जर जिल्ह्यातील पलडा गावचे उमराव सिंह आम्हांस भेटले, आणि मनात राहिले.

त्यांचा जन्म १९२० सालचा. १९३९ मध्ये ते तोफखान्यात भरती झाले. १९४४ च्या डिसेंबरात ते हवालदार होते आणि ब्रह्मदेशातील कलादान नदीच्या खोऱ्यात त्यांची डोंगरी तोफांची तुकडी लढत होती. ३.७ इंची ती तोफ सुटी करून खेचरांच्या पाठीवर वाहून नेत आणि मुक्कामी पुन्हा जोडीत. ज्यांच्या साह्यार्थ ही तुकडी होती ते जवान पश्चिम आफ्रिकेतले, गोल्ड कोस्टचे, म्हणजे आजच्या घानाचे. हरियाणाचा शेतकरी, घानाचा पायदळ शिपाई आणि समोर जपानी फौज; इतक्या दूरदूरच्या आयांची मुले त्या एका दरीत एकमेकांसमोर आणून ठेवण्याची किमया महायुद्धालाच साधली.

१५ डिसेंबरच्या रात्री सुमारे दीड तास गोळाबारी झाली आणि पाठोपाठ जपानी चालून आले. हातबाँबच्या दोन जखमा अंगावर असताना उमराव सिंहांनी पहिला हल्ला परतविला, नंतरचेही परतविले. तोफेवरील माणसे एकामागून एक पडली. ते स्वतः आणि आणखी दोघे एवढेच उरले. गोळ्या संपल्यावर त्यांनी तोफेचे भाग वाहून नेण्याची जड लोखंडी दांडी उचलली आणि तीच फिरवीत शत्रूशी हातघाईवर आले. सहा तासांनी ते तोफेजवळ बेशुद्ध सापडले. डोक्यावरील घावांमुळे चेहरा ओळखू येत नव्हता, पण हातातली दांडी सुटली नव्हती. आसपास दहा जपानी सैनिक मरून पडले होते. तोफ मात्र शाबूत होती आणि त्याच दिवशी पुन्हा चालली. १९४५ साली लंडनच्या राजवाड्यात खुद्द बादशहांच्या हस्ते त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

एरवीचे चरित्र येथेच संपते. तेव्हा उमराव सिंह पंचवीस वर्षांचे होते आणि त्यांच्या पुढ्यात आणखी साठ वर्षे होती. मधला थोडा काळ सोडता १९६५ पर्यंत त्यांनी लष्करात काढला. सुभेदार मेजर होऊन ते निवृत्त झाले. पुढे मानद कॅप्टन झाले. मग पलड्यास परतून त्यांनी दोनएक एकर जमीन कसली आणि एकत्र कुटुंबाचा संसार चालविला. १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पद्मभूषणाने शेताला पाणी मिळत नाही, हे वाचकांस सांगावयास नको.

या काळात ते पदक विकत घेण्यास माणसे तयार होती. व्हिक्टोरिया क्रॉसच्या धातूला मोल नाही. ते साधे ब्राँझ. परंतु संग्राहकांच्या बाजारात त्याची किंमत फार मोठी. दोन एकरांच्या धन्याला ती रक्कम म्हणजे पक्के घर, विहीर, मुलांची सोय. उमराव सिंहांनी नकार दिला. पदक विकले तर लढाईत पडलेल्यांच्या नावाला डाग लागेल, असे त्यांचे म्हणणे होते.

येथे आम्ही बराच काळ अडलो. आम्ही स्वतः प्रपंची माणसे. मुलीचे लग्न निघाले की सोने मोडतो, आजारपण आले की जमीन गहाण टाकतो, आणि त्यात कमीपणा मानीत नाही. मेलेल्या सोबत्यांच्या मानासाठी जिवंत लेकराबाळांच्या तोंडचा घास अडवावा काय? ज्याला आपण कुटुंबवत्सल म्हणतो, त्याला हे शोभते काय?

उत्तर सापडले ते आमच्याच आजोळी. शेजारच्या एका विधवा बाईंनी आपल्या पाटल्या आमच्या आजीजवळ ठेवावयास दिल्या होत्या. मामांच्या शाळेची फी थकली, त्या वर्षी घरातली तांब्यापितळेची भांडी एकेक करून सावकाराकडे गेली. आजीच्या नाकातली नथही गेली. पाटल्यांचा डबा मात्र फडताळात होता तेथेच राहिला. आजीचे आपल्या मुलांवर प्रेम नव्हते, असे कोण म्हणेल? स्वतःची वस्तू मोडता येते, ठेव मोडता येत नाही. एवढे साधे शास्त्र ती जाणत होती, आणि तिच्या मुलांनाही ते तिच्याच घरात कळले.

उमराव सिंहांच्या लेखी ते पदक त्यांचे नव्हतेच. तोफेभोवती पडलेल्या गोलंदाजांची ती ठेव होती. मरणारे मेले, ज्याचा श्वास उरला त्याच्या हाती ती आली, इतकेच. त्या घरातील मुले-नातवंडे दारिद्र्य पाहत वाढली असतील. पण ठेव कशी राखतात, तेही पाहत वाढली. वडिलांनी मागे ठेवावे असे याहून मोठे काय असते?

याचा अर्थ ते मागावयास लाजत होते, असा नव्हे. १९९५ मध्ये महायुद्धसमाप्तीच्या सुवर्णमहोत्सवासाठी ते लंडनला गेले. हाईड पार्कमधील खास पाहुण्यांच्या तंबूच्या यादीत त्यांचे नाव नव्हते, आणि ते दारातूनच परत फिरावयाचे. तेवढ्यात एका ब्रिगेडियरची नजर त्यांच्या छातीवरील क्रॉसकडे गेली. तेथे पंतप्रधान जॉन मेजर यांची गाठ पडताच या वृद्ध शेतकऱ्याने मुद्द्याची गोष्ट काढली. व्हिक्टोरिया क्रॉसचे मानधन वर्षाकाठी १६८ पौंड होते आणि तो आकडा कित्येक वर्षे जागचा हलला नव्हता. त्याच वर्षी तो १३०० पौंडांवर गेला. त्यांच्यापुरताच नव्हे, पदकाच्या सर्व हयात मानकऱ्यांसाठी.

आम्हां कचेरीत बसणाऱ्यांस यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. जो घेणेकरी आहे त्याने मागावे, ताठ मानेने मागावे, आणि मागताना आपल्यासारख्या इतरांचेही मागावे. जी ठेव आहे तिला मात्र हात लावू नये. दोन्हींमधला फरक ज्याला कळला त्याला प्रपंच कळला. आणि ज्याची फाइल आपल्या टेबलावर पडून आहे, त्याला आपल्या हक्कासाठी समुद्र ओलांडून पंतप्रधानांना गाठावे लागू नये, हेही आपण मनाशी बाळगावे.

२१ नोव्हेंबर २००५ रोजी दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात कर्करोगाने उमराव सिंहांचा अंत झाला. वय ८५. व्हिक्टोरिया क्रॉसचे ते हयात असलेले अखेरचे भारतीय मानकरी होते. लष्करी इतमामात त्यांना निरोप देण्यात आला. कलादानच्या त्या रात्री हाताची मूठ सुटली नव्हती. पुढे साठ वर्षे, रोजच्या ओढाताणीत, ती तशीच राहिली. पहिल्या गोष्टीसाठी बादशहांनी क्रॉस दिला. दुसरीसाठी पदक नसते. ती घरच्या माणसांनी आठवावयाची असते, आणि त्यांच्याबरोबर थोडी आपणही.