लवंग, चुना, सिमेंट

ऐंशीच्या दशकात दातांचा दवाखाना पाटी न वाचताही सापडायचा. अर्ध्या जिन्यातच लवंगेच्या तेलाचा वास नाकात शिरायचा. आत काचेच्या जाड पट्टीवर झिंक ऑक्साइडची पांढरी पूड आणि युजेनॉलचे, म्हणजे लवंगेच्या अर्काचे, थेंब घोटणं चाललेलं असे. बोटाला चिकटणार नाही असा गोळा जमला की मिश्रण झालं. त्या वासाची माणसं धास्ती घेत आणि त्याच वासाने त्यांना बरंही वाटे, कारण दाढ ठणकली की घरी आजीने कापसाच्या बोळ्यावर तेच तेल दिलेलं असे.

आमच्याकडे येणारा पेशंट खुर्चीत टेकायच्या आधी म्हणायचा, “डॉक्टर, नस मारून टाका एकदाची.” आणि आम्ही खरंच मारायचो. आमच्या आधीच्या पिढीकडे त्यासाठी आर्सेनिक होतं. आमच्याकडे फॉर्मोक्रेसॉल होतं, म्हणजे फॉर्माल्डिहाइड आणि क्रेसॉल यांचं जहाल मिश्रण. त्यात बुडवून पिळलेला कापूस दातात ठेवायचा, वर तात्पुरतं सिमेंट लावायचं आणि पुढची तारीख द्यायची. खेड्यावरचे पेशंट ती तारीख बाजाराच्या दिवशी मागून घेत, एसटीचं एक तिकीट वाचे. चार-पाच खेपा सहज होत. शेवटच्या खेपेला मुळातून काढलेली कागदाची बारीक काडी डॉक्टर नाकाशी धरत. घाण वास नसला की हुकूम सुटे, “भरू या आता.” मग गुलाबी गटापर्चा. मलायाकडच्या झाडांचा हा चीक एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांवर चढवत, तोच दातांच्या मुळांतही उतरला. शेवटी क्लिपला लटकलेला ओला एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून बघायचा. औषध चांगलं की वाईट, हे ठरवायला आमच्याकडे नाक, एक्स-रे आणि पेशंटचा गाल एवढंच होतं.

दातातल्या पेशींना काय वाटतं, हे कुणी विचारत नव्हतं. पेशी आम्ही पाहिल्या होत्या त्या पहिल्या वर्षाला, सूक्ष्मदर्शकाखाली. लाल-जांभळ्या पेन्सिलींनी जर्नलात ओडोंटोब्लास्टची, म्हणजे दात घडवणाऱ्या पेशींची, रांग काढायची, सरांची सही घ्यायची आणि विसरून जायचं. 1965 सालचा काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेराल्ड यांचा उंदरांवरचा प्रयोग परीक्षेसाठी पाठ होता. साध्या उंदरांच्या दाढेतली नस उघडी केली तर ती सडली. जंतूच नसलेल्या वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये मात्र तिने स्वतःवर कठीण थर चढवला. त्याचा अर्थ मोठा होता. जंतू आत येऊ दिले नाहीत तर पेशी आपली डागडुजी आपण करतात. आम्ही हे उत्तरपत्रिकेत लिहिलं आणि दवाखान्यात जाऊन पुन्हा फॉर्मोक्रेसॉलची बाटली उघडली.

अपवाद एक होता, चुना. पानाच्या डबीतला तोच कॅल्शियम हायड्रॉक्साइड. जर्मनीत हर्मान यांनी 1920 साली तो दंतवैद्यकात आणला. उघड्या पडलेल्या नसेवर तो लावला की त्याच्या तीव्र अल्कतेने वरचा पातळ थर जळतो आणि त्या जळण्यानेच खालच्या पेशी जाग्या होऊन नवं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला कठीण थर, रचू लागतात. दीड-दोन महिन्यांनी एक्स-रेवर तो पांढरट पूल दिसला की दवाखान्यात पेढे वाटायचे तेवढे बाकी राहत. पुढे कळलं की त्या पुलात बारीक बोगदे राहतात आणि चुना काळाच्या ओघात विरघळतो.

मग आलं सिमेंट. 1993 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी एमटीए नावाचं सिमेंट पुढे आणलं. त्यात मुख्य भाग पोर्टलँड सिमेंटचा, आणि एक्स-रेवर दिसावं म्हणून बिस्मथ ऑक्साइड. आपल्याकडे पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा सभागृहात हशा पिकला होता. मागून कुणीतरी म्हणालंच, “मग बिल्डरकडूनच पोतं मागवू.” अर्थात हे सिमेंट बांधकामाचं नव्हे, शुद्ध केलेलं होतं. पण चमत्कार त्याच्या स्वभावात होता. आमची बरीच जुनी औषधं ओलाव्याला भ्यायची; कापूस कोंबून, फुंकून दात कोरडा करता करता घाम फुटायचा. हे सिमेंट ओलाव्यातच घट्ट होतं. घट्ट होताना कॅल्शियम सोडतं, अंगावर हाडादातांतल्याच खनिजाचा थर धरतं, आणि पेशी त्याला येऊन चिकटतात. घट्ट व्हायला मात्र त्याला जवळपास तीन तास लागत आणि दात काळपट पडे. त्याच जातीतलं नंतरचं बायोडेंटिन बारा मिनिटांच्या आसपास घट्ट होतं आणि त्यात बिस्मथच्या जागी झिर्कोनियम ऑक्साइड आहे.

हे सगळं कळलं ते पेशींनाच विचारल्यामुळे. आता नवं औषध आलं की ते आधी प्रयोगशाळेतल्या थाळीत पेशींसमोर ठेवतात. मग एक पिवळं द्रव्य घालतात. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात, मेलेल्या करत नाहीत. जांभळा जितका गडद, तितकं औषध सौम्य. या परीक्षेत आमच्या ताज्या घोटलेल्या लवंगेच्या गोळ्याची थाळी फिकी पडली. फॉर्मोक्रेसॉलचं तर विचारूच नका. 2004 मध्ये फॉर्माल्डिहाइड माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत गेलं. घट्ट झालेल्या सिमेंटची थाळी मात्र गडद राहिली.

आधी या थाळीत उंदराच्या पेशी असत, आता माणसाच्या दातातल्याही असतात. आमच्या काळात काढलेली अक्कलदाढ बादलीत जायची. 2000 साली अमेरिकेत ग्रॉन्थोस आणि सोंगताव शी यांच्या गटाने त्याच अक्कलदाढेच्या गरात मूळ पेशी (स्टेम सेल) असल्याचं दाखवलं. 2003 मध्ये पडलेल्या दुधाच्या दातांतही त्या सापडल्या. लहानपणी आम्हाला दुधाचा दात उंदराच्या बिळात टाकायला सांगत, उंदरासारखे बारीक दात यावेत म्हणून. या शास्त्रज्ञांनीही त्या पेशी उंदरांच्याच अंगात घातल्या आणि तिथे डेंटिनसारखं काहीतरी तयार झालं. आज्ज्यांना हे सांगायला हवं होतं.

म्हणून जुनं सगळं टाकाऊ आणि नवं सगळं चांगलं, असं मात्र नाही. अर्धवट वाढलेल्या मुळात नवा जीव धरावा म्हणून तीन प्रतिजैविकांची घट्ट पेस्ट वापरायची पद्धत आली. पेशींच्या परीक्षेत ती जंतूंइतकीच मुळाच्या टोकाशी असलेल्या मूळ पेशींनाही जड गेली. आता ती खूप पातळ करून वापरतात. त्याच परीक्षेत जुना चुना सौम्य ठरला. आणि लवंगेचा गोळा? थाळीतल्या पेशींना रक्तपुरवठा नसतो, त्यांच्या आणि औषधाच्या मध्ये डेंटिनची भिंत नसते. तोंडात दोन्ही असतं. म्हणून थाळीत नापास झालेल्या त्या गोळ्याने भरलेल्या कितीतरी दाढा तीस-तीस वर्षं भाकरी चावत आल्या आहेत. थाळी धोका सांगते, निकाल तोंडातच लागतो.

बदल झाला तो आमच्या प्रश्नात. पूर्वी कीड नसेपर्यंत गेली की नस काढणं हाच बहुतेक वेळा रस्ता होता. आता वरची सडकी नस काढून कापूस दाबायचा, काही मिनिटांत रक्त थांबलं तर खालची नस जगण्यासारखी आहे असं धरायचं, आणि वर हे नवं सिमेंट ठेवून दात बंद करायचा. मोठ्या माणसांच्या दाढाही अशा वाचतात. अडचण पैशाची आहे. या सिमेंटची एक पुडी तालुक्याच्या गावातल्या पेशंटला जड जाते, आणि मग तिथे आजही दाढ काढणंच स्वस्त पडतं. पेशींना काय सोसतं ते आम्ही तीस वर्षांत बरंच शिकलो. पेशंटच्या खिशाला काय सोसतं हे आम्हाला लवंगेच्या दिवसांत जास्त चांगलं कळत होतं. नव्या डॉक्टरांनी त्या काळाकडून उसनं घ्यावं असं काही असेल तर ते एवढंच.