पाण्यावरची सोसायटी, किनाऱ्यावरचे आठ तास

मुंबई ते कोची आणि परत. चार रात्री, एक बंदर आणि प्रत्येकाच्या हातातलं वेगळं घड्याळ!

क्रूझ म्हटलं की डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय येतं? अर्थात 'टायटॅनिक'! हात पसरून उभी राहिलेली रोझ, मागे जॅक आणि शेवटी तो हिमनग. आता हाच विषय घरी आजीकडे काढून बघा. "आजी, मी बोटीने फिरायला चाललेय," म्हणालात की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुला बोट लागत नाही ना गं?"

आजीच्या पिढीची बोट म्हणजे कोकण बोट. भाऊच्या धक्क्यावरून निघायचं, डेकवर सतरंजी पसरायची, ट्रंकेला टेकून रात्र काढायची. कोकणातल्या बऱ्याच बंदरांत मोठी बोट धक्क्याला लागतच नसे. मग भर समुद्रात होडीत उतरायचं, तेही पोराबाळांसकट. त्या बोटी बंद पडून काही दशकं झाली. आता आपण बोटीला क्रूझ म्हणतो आणि गावाला जायला नाही, तर चक्क काही न करायला तिच्यावर चढतो!

आम्ही दोघी, म्हणजे मी आणि माझी आयटीवाली मैत्रीण, फेब्रुवारीतल्या एका सोमवारी अशाच चढलो. मुंबईहून निघायचं, मंगळवार पूर्ण समुद्रात, बुधवारी दिवसभर कोची आणि शुक्रवारी सकाळी परत मुंबई.

आधी भोंगा, मग सेल्फी

बॅलार्ड पिअरच्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २०२५ मध्ये झालं. सोपस्कार विमानतळासारखेच. ओळखपत्र, बॅगेचं स्कॅनिंग, फोटो. मग हातात एक प्लास्टिकचं कार्ड पडतं. हेच खोलीची किल्ली, हेच पाकीट, हीच तुमची ओळख. रोख पैसे जवळजवळ बादच. त्यामुळे ड्रिंक घेताना खर्च केल्यासारखं वाटत नाही. ते शेवटच्या दिवशी बिल हातात आलं की वाटतं!

आमची केबिन आतल्या बाजूची, बिनखिडकीची. बाल्कनीवाल्या केबिनपेक्षा बरीच स्वस्त. दिवा बंद केला की सकाळ आहे की मध्यरात्र, काही कळत नाही. झोपेचं कर्ज असलेल्यांना एकदम झकास.

जहाज सुटण्याआधी एक कवायत असते. सात छोटे भोंगे आणि एक लांब. ते ऐकलं की ठरलेल्या जागी जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते बघायचं. बरेच जण तेव्हाही रीलच काढत होते. पण १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' खडकावर आपटून आडवी झाली आणि ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची ही कवायत तेव्हा झालेलीच नव्हती. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी व्हावीच लागते. तेव्हा सेल्फी पाच मिनिटं थांबू शकतो.

पाच वाजता दोर सुटले. गेटवे, ताज, कुलाबा... रोजची मुंबई मागे मागे सरकायला लागली. उन्हं उतरता उतरता डाव्या हाताला खांदेरी आला. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतलेला हा जलदुर्ग २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत गेला. डेकवर तेव्हा डीजे सुरू झाला होता. खांदेरीकडे बघणारे आम्ही चार-पाच जण असू.

तरंगती सोसायटी

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जहाजाची सोसायटी झालेली असते. ऑफिसच्या ऑफसाइटला आलेला, गळ्यात आयकार्डं घातलेला एक ग्रुप. लग्नाचे अल्बम अजून न आलेली जोडपी. बुफेमध्ये चाळीस पदार्थ असताना स्वतःचे ठेपले काढून खाणारं घाटकोपरचं एक कुटुंब. तंबोल्याला 'हाउसी!' ओरडणाऱ्या आणि रात्री अकराला डान्स फ्लोअर ताब्यात घेणाऱ्या काकू. सोसायटीच्या गणपतीत असतात तेच सगळे, फक्त खाली पाणी.

खाणं हा इथला मुख्य उद्योग. सकाळी पोहे, डोसा, ऑम्लेट. अकराला सँडविच. मग जेवण, चहा, चाट, पुन्हा जेवण, मध्यरात्री नूडल्स. जैन काउंटर वेगळा. पूल फोटोत दिसतो त्याच्या निम्मा आणि रविवारच्या चौपाटीइतका भरलेला. पण डेकवर चालायला मात्र मजा येते. जहाज साधारण १६ नॉटने चाललेलं, म्हणजे ताशी ३० किलोमीटर. संध्याकाळच्या सायन सर्कलपेक्षा बराच चांगला वेग!

आणि बोट लागते का? थोडी. या जहाजांना दोन्ही बाजूंनी पाण्याखाली माशाच्या परासारखे पंख असतात. डुलणं त्यांनी बरंच आवरतं. तरी संवेदनशील पोटवाल्यांनी मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी. तिथे हालचाल कमी जाणवते.

किनारा दूर गेला तसं नेटवर्क गेलं. वायफायचं पॅकेज होतं, पण दर वाचून दोघींनी हात जोडले. पहिले दोन तास मैत्रीण दर पाच मिनिटांनी फोन उचलून बघत होती. तिसऱ्या तासाला तिने तो केबिनमध्ये ठेवून दिला. मंगळवार, भर कामाचा दिवस आणि एकही मेल नाही! संध्याकाळी ती रेलिंगला टेकून म्हणाली, "मला वाटतं, मी दोन वर्षांत आजच पहिल्यांदा नुसती बसलेय."

सहा वाजता वेंगुर्ला

आम्हाला नुसतं बसता येत होतं, कारण कोणीतरी सतत धावत होतं. आमच्या टेबलचा वेटर वेंगुर्ल्याचा निघाला. मराठी ऐकून त्याची कळी खुलली.

"ताई, मुंबईहून निघालो की दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास आमचा गाव डाव्या हाताला असतो," तो म्हणाला. "दिसत नाही काही. जहाज बरंच बाहेरून जातं. आणि तेव्हा आम्ही ब्रेकफास्टची टेबलं लावत असतो."

गोवा आणि तळकोकणातल्या मुलांना जहाजावरची नोकरी नवी नाही. कोर्स करायचा, सीडीसी म्हणजे खलाशाचं सरकारी पुस्तक काढायचं आणि करारावर चढायचं. करार सहसा सहा ते नऊ महिन्यांचा. तोवर रविवार हा शब्द विसरायचा. खलाशांच्या कामाच्या अटींसाठी २००६ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळायला हवी. फक्त ते दहा तास सलग असतीलच असं नाही, दोन तुकडे करता येतात.

"मग बंदरात काय करता, दादा?" मी विचारलं.

"उद्या मला साडेअकरा ते दोन सुट्टी आहे. उतरायचं, रेंज पकडायची, घरी व्हिडिओ कॉल. मुलीची परीक्षा चालू आहे. मग साबण, तेल, काहीतरी घ्यायचं आणि परत. मागच्या खेपेला तर तेही नाही. माझी पाळी होती आतच राहायची."

जहाज धक्क्याला लागलं तरी आग लागली, काही झालं तर सांभाळायला ठरावीक माणसं आत लागतातच. म्हणजे बंदर एकच, पण आमच्याकडे त्याचे आठ तास, त्याच्याकडे अडीच आणि कोणाकडे तर शून्य.

उजव्या हाताला फोर्ट कोची

बुधवारी पहाटे लवकर उठा, हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. जहाज खाडीच्या तोंडातून आत शिरतं तेव्हा डावीकडे वायपीन बेट आणि उजवीकडे फोर्ट कोचीचा किनारा असतो. पाण्याच्या काठाला ती प्रसिद्ध चिनी जाळी. मोठमोठ्या लाकडी दांड्यांना टांगलेली, मागे दोरीला दगड बांधून तोललेली. चार-सहा माणसं दोर ओढतात, जाळं वर येतं, मूठभर मासे निघतात. जहाजाच्या उंचीवरून हे सगळं खेळण्यासारखं दिसतं.

जहाज लागतं विलिंग्डन बेटावर. हे बेट निसर्गाने दिलेलं नाही. गेल्या शतकात रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरच्या देखरेखीखाली बंदर खोल करायला जो गाळ उपसला, त्याची भर टाकून ते तयार झालं.

इथून पुढे दोन रस्ते. एक, जहाजाची टूर बस. चर्च, जाळी, राजवाडा, शॉपिंग, प्रत्येकी तीस-चाळीस मिनिटं. दुसरा, रिक्षा करून स्वतः फिरायचं. बसमधले बरेच जण दुपारी जेवायला जहाजावर परतले म्हणे, कारण 'जेवणाचे पैसे आधीच भरलेत'! करीमीनच्या शहरात येऊन पनीर मखनी? आम्ही रिक्षा केली आणि यादीतल्या दहा जागांपैकी सात खोडून टाकल्या.

पहिली जागा सेंट फ्रान्सिस चर्च. मूळचं १५०३ चं. वास्को द गामा कोचीतच वारला, १५२४ च्या डिसेंबरात. त्याला आधी इथे पुरलं होतं, अवशेष नंतर पोर्तुगालला नेले. त्याच्या शिळेभोवती आता कठडा आहे. शाळेच्या पुस्तकात 'भारताचा सागरी मार्ग शोधला' एवढ्या एका ओळीत भेटलेला माणूस इथे अचानक सहा फुटांच्या दगडाएवढा होतो.

दुसरी जागा मट्टानचेरीचं १५६८ चं सिनेगॉग. आत जमिनीवर अठराव्या शतकात चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या, हाताने रंगवलेल्या फरश्या. बाहेरच्या गल्लीत सुंठ आणि मिरीचा वास. गल्लीचं नाव ज्यू टाउन, पण ज्यू कुटुंबं जवळपास उरलेली नाहीत. बहुतेक जण विसाव्या शतकाच्या मध्यानंतर इस्रायलला गेले.

नागरी अक्षरं, १६७८

तिसरी जागा टूर बसच्या यादीत नव्हती. मट्टानचेरीतच चेर्लाई नावाचा भाग आहे आणि तिथे तिरुमल देवस्वम हे कोंकणी लोकांचं मोठं देऊळ. पोर्तुगीजांच्या काळात, सोळाव्या शतकात गोवा सोडून निघालेली सारस्वत कुटुंबं समुद्राकाठाने खाली येत इथवर पोचली. देवळाजवळच्या एका दुकानात पापड घेताना मी मराठीत बोलले. दुकानातल्या आजी कोंकणीत बोलल्या. निम्मं कळलं, निम्मं हातवाऱ्यांनी. पैसे देऊन झाल्यावरही आम्ही दहा मिनिटं तिथेच उभ्या होतो.

आणि एक भारी गोष्ट. कोचीचा डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्टुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो ॲमस्टरडॅममध्ये १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्याला मदत करणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोंकणी वैद्य होते. त्यांचं निवेदन पहिल्या खंडात कोंकणीत, नागरी लिपीत छापलं आहे. तुम्ही हा लेख वाचताय ती अक्षरं साडेतीनशे वर्षांपूर्वी ॲमस्टरडॅममध्ये छापली गेली, ती इथल्या वैद्यांमुळे!

मग बिर्याणी, त्यावर सुलेमानी चहा. रिक्षात बसलो तेव्हा चार वाजले होते. जहाजावर परतायची वेळ साडेचारची.

"काय बघितलंत?"

परतताना रांगेत प्रत्येकाच्या हातात केळ्याचे वेफर्स. सहाला दोर सुटले, चिनी जाळी आता डावीकडून गेली.

रात्री जेवताना आमच्या वेटरदादांनी विचारलं, "काय बघितलंत, ताई?" मी चेर्लाईचं सांगितलं. कोंकणी बोलणाऱ्या आजी, पापड, देऊळ. हातात सूपचे बोल धरून तो ऐकत राहिला.

"अकरा खेपा झाल्या माझ्या इथे," तो म्हणाला. "मी अजून धक्क्याबाहेरच्या दुकानाच्या पुढे गेलेलो नाही."

मुलीचा पेपर कसा गेला, ते मी विचारलं. चांगला गेला म्हणाला. शेजारच्या टेबलवरून कोणीतरी टाळी वाजवून पाणी मागितलं. जाता जाता तो हळूच म्हणाला, "देवळाचा फोटो पाठवाल? आईला दाखवतो. रेंज आली की."

क्रूझवर जाताय? मग हे वाचा...

* अरबी समुद्रातली सफर पावसाळा सोडून करा. ऑक्टोबर ते मे हा काळ बरा.
* 'ऑल ॲबोर्ड'ची वेळ जहाज सुटण्याच्या आधीची असते. उशीर झाला तर जहाज थांबत नाही! किमान अर्धा तास हातात ठेवा.
* कोचीचं सिनेगॉग शुक्रवार-शनिवारी पर्यटकांसाठी बंद असतं. कोणत्या वारी पोचताय ते आधी बघा.
* वेळ उरला तर वॉटर मेट्रो! २०२३ मध्ये सुरू झालेल्या या बॅटरीवरच्या बोटी २०२४ पासून फोर्ट कोचीलाही जातात.
* दहा जागांपेक्षा तीनच निवडा आणि जेवण किनाऱ्यावर करा.
* वेटरला टाळी वाजवून बोलावू नका. नाव विचारा.