निळे पाणी

घंटागाडीत बादली रिकामी करून आपण दार लावून घेतो, तेव्हा आपल्यापुरती कचऱ्याची कथा संपलेली असते. माझीही ती कित्येक वर्षे तेथेच संपत असे. ती पुढे कोठवर जाते, याचा विचार मी प्रथम केला तो वडिलांच्या लाकडी पेटीत सापडलेल्या एका बाटलीमुळे. वाचकहो, त्या बाटलीची हकिकत आपणांस सांगावीशी वाटते.

माझे गाव विटा, सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे ठिकाण. हा दुष्काळी पट्टा. शेतीवर पोट भरेना म्हणून येथील माणसे परमुलखात गेली आणि सोने-चांदी गाळण्याचा, म्हणजे गलाईचा, व्यवसाय करीत देशभर पसरली. माझे वडील कोईमतूरला होते. सुट्टीत आम्ही तेथे गेलो की मी भट्टीपासून थोडी दूर बसून त्यांचे काम पाहत असे. जुने सोने चांदीसह मुशीत वितळवून त्याचा पातळ पत्रा करायचा आणि तो तेजाबात टाकायचा. चांदी आणि तांबे विरघळून जाई, सोने तळाशी उरे. मग त्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडली की विरघळलेली चांदी पुन्हा दिसू लागे. वडिलांच्या हातून गुंजभर धातू वाया जात नसे. दुकानातील केरसुद्धा ते जपून ठेवीत. त्यात सोन्याचा कण असण्याचा संभव असे.

सोने निघाले, चांदी निघाली, की भांड्यात तांब्याचे निळे पाणी उरे. ते दुकानामागच्या गटारात ओतले जाई. मला तो रंग फार आवडे. मी हट्टाने ते ओतताना पाहत असे.

२० नोव्हेंबर २०२१ रोजी स्वच्छ सर्वेक्षणाचा निकाल जाहीर झाला. एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत विटा देशात पहिले आले होते. वडील तेव्हा थकले होते. तरी बातमी त्यांनी दोनदा वाचून घेतली. त्यांना आनंद झाला होता. नंतर बराच वेळ ते गप्प बसले आणि म्हणाले, "आपलं गाव चकाचक झालं. पर तिकडं गटारात वतलेलं पानी कुठं गेलं, म्या कधी इचारलं न्हाई." मी त्यांची समजूत घातली. त्या काळी सारेच तसे करीत, असे म्हणाले. ते खरेही होते. पण त्यांचा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही.

पुढे कचऱ्याविषयी जे मिळेल ते मी वाचू लागले. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा पडत आला. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर इतका पसरला, की परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कुजणाऱ्या ढिगात मिथेन वायू तयार होतो. आग लागली की तो धुमसत राहतो. पावसाचे पाणी ढिगातून झिरपताना काळे होते आणि बॅटऱ्या, रंग, औषधे यांतील विषारी द्रव्ये घेऊन खाली उतरते. आपल्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात भूजल खडकांच्या भेगांतून फिरते. ढीग एका ठिकाणी असतो, विहीर दुसऱ्याच्या शेतात असते.

असे जुने ढीग साफ करण्याच्या पद्धतीला बायोमायनिंग म्हणतात. ढीग थराथराने मोकळा करून त्याच्या लांब ओळी घालतात, जिवाणूंचे द्रावण फवारतात आणि ओळी वरखाली करतात. कुजणे पूर्ण होऊन ढीग कोरडा झाला की फिरत्या चाळण्यांतून तो चाळतात. मातीसारखा भाग, दगड-विटा, धातू आणि काच वेगळे होतात. प्लॅस्टिक व चिंध्या सिमेंटच्या भट्ट्यांना जळण म्हणून जातात. इंदूरमध्ये २०१८ साली या रीतीने सुमारे १०० एकरांवरील सुमारे १३ लाख टन जुना कचरा हलविण्यात आला. हे वाचताना मला भट्टीपुढे बसलेले वडील आठवले. मिसळलेले वेगळे करणे हीच तर त्यांची विद्या होती.

परंतु त्यांच्या कामात जे निळे पाणी उरे, तसे काही येथेही उरते. चाळून निघालेल्या मातीत जड धातू असू शकतात. म्हणून तपासणीवाचून ती शेतात घालता येत नाही. जमीन मोकळी दिसली तरी खाली उतरलेले विष चाळणीत सापडत नाही. आसपासच्या विहिरींचे पाणी पुढेही तपासत राहावे लागते. निवडण्याचे काम घरातच झाले असते, तर त्यातले पुष्कळसे विष ढिगात गेलेच नसते.

वडील गेल्यानंतर त्यांची पेटी आवरताना तळाशी काचेच्या बुचाची बाटली सापडली. तीत चार बोटे तेजाब शिल्लक होते. घंटागाडी दारात उभी होती. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "ताई, टाका की गाडीत. कोण बघतंय?" कोणीही पाहत नव्हते, हे खरे. माझा हात क्षणभर पुढे झालाही. तेव्हाच्या २०१६ च्या नियमांनुसार घरातील घातक कचरा ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता स्वतंत्र द्यावा लागे, हे मला ठाऊक होते. पण मला थांबविले ते नियमाने नव्हे. बाटली फुटली असती, तर ज्याच्या हाताला ते भाजले असते, तो माणूस माझ्यासमोर गाडीवर उभा होता.

मी बाटली जाड डब्यात वाळू घालून बसविली आणि गलाईचे काम अजून करणाऱ्या आमच्या एका आप्तांकडे नेली. ते त्यांच्या उपयोगाचे होते. बाटली ठेवून घेताना मी त्यांना विचारले, "काका, काम झाल्यावर उरलेलं पाणी तुम्ही कुठं टाकता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. या प्रश्नाची त्यांना सवय नव्हती. थोडे थांबून ते म्हणाले, "बस. चहा घे. सांगतो."