चार की आठ?

मी एनएसएसमध्ये का गेले, याचं खरं उत्तर म्हणजे वर्षाचे १२० तास. समाजसेवा वगैरे नंतर! सरांनी एका रविवारी सकाळी सहाला हॉस्टेलच्या गेटवर जमायला सांगितलं आणि बसने थेट आगाखान पॅलेसला नेलं. हातात झाडू आणि टोपली. मेसचे रविवारचे पोहे हुकले ते वेगळंच!

नगर रोडने शंभरदा गेले असेन, पण आत पाय ठेवला नव्हता. तिसऱ्या आगाखानांनी १८९२ साली हा महाल बांधला, तो दुष्काळात होरपळलेल्यांच्या हातांना काम मिळावं म्हणून. पुढे इंग्रजांनी त्याचाच तुरुंग केला. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना इथे आणलं. आठवडाभरातच महादेवभाई देसाई गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा. दोघांच्या समाध्या बागेत शेजारी-शेजारी आहेत. आमच्या ग्रुपकडे तिथलाच पाचोळा होता.

दुसऱ्या रविवारी सरांनी मला स्वतःच्या हाताने लिहिलेला मराठी कागद दिला. "आज झाडू ठेव. कुणी विचारलं तर माहिती सांग." झालं! मी कॉन्व्हेंटची. मराठी बोलते फाडफाड, पण वाचायची वेळ आली की पहिलीतली पोर.

नेमक्या एक आजी नातवाला घेऊन आल्या. "बाळा, ह्या बाई कधी गेल्या गं?"

मी कागदात बघून ठणकावून सांगितलं, "नाइन्टीन एटी-एट!"

"अठ्ठ्याऐंशी, आजी," नातवाने भाषांतर केलं.

"अगं, अठ्ठ्याऐंशीला माझ्या थोरल्याचं लगीन झालं. तवा कुठले इंग्रज?" आजींनी कागद घेतला, आकड्यावर बोट ठेवलं. "मला वाचाया येत न्हाई, पण ह्यो चार हाय. आमची यष्टी चार नंबरच्या फलाटाला लागती."

धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं! एम-थ्रीत डिस्टिंक्शन आणि मातृभाषेतला चार ओळखता येत नाही!

आजी मात्र हसल्या नाहीत. "पुढं सांग की," म्हणाल्या. मग मी कागद घडी करून खिशात टाकला आणि जे लक्षात राहिलं होतं ते सांगितलं. या कैदेतही गांधीजी बांना शिकवत असत. बांचं वय सत्तरीच्या पुढे. धडे नीट लक्षात राहत नसत, तरी त्या शिकायला बसत.

"सत्तरीत? अन् तेबी जेलात?" आजी थोडा वेळ गप्प उभ्या राहिल्या, मग वाकून नमस्कार केला आणि गेल्या.

त्या रात्री रूममेटकडून एक ते शंभर आकडे अक्षरांत लिहून घेतले. एकोणसाठ आणि एकोणसत्तरमध्ये अजून घोळ होतो. हा लेखही तिनेच तपासलाय, नाहीतर ऱ्हस्व-दीर्घाचं काही खरं नव्हतं!

तास केव्हाच भरले. येत्या रविवारी परत जातेय. मेसवाल्या काकांना एकच विनंती, माझे पोहे झाकून ठेवा!