समुद्राकडे पाठ

कोलंबो फोर्टहून गाडी दक्षिणेकडे निघाली की उजव्या हाताला समुद्र सुरू होतो आणि फारसा सोडतच नाही. कुठे कुठे तर रूळ आणि पाणी यांच्यामध्ये चार नारळ आणि एक झोपडी, एवढंच. २६ डिसेंबर २००४ला याच मार्गावर, पेरालियाजवळ, त्सुनामीच्या लाटेनं अख्खी गाडी उचलून आपटली होती. हजाराहून अधिक माणसं गेली. ते ठिकाण आलं तेव्हा समोरच्या बाकावरची बाई मुलाला केळं सोलून देत होती. मी मात्र खिडकीपासून जरा आत सरकले.

समुद्राची ही धास्ती माझ्यात आजीनं घातलेली. गुहागरला सुट्टीत पाण्यात उतरायची परवानगी घोट्यापर्यंत, आणि वर ताकीद : समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी सर्फिंग शिकायला वेलिगमला निघाले तेव्हा ती घोट्यांची मर्यादा ओलांडायची, इतकंच मनात होतं.

सिंहलीत वेलि म्हणजे वाळू आणि गम म्हणजे गाव. नाव सार्थ आहे. उपसागर धनुष्यासारखा वाकलेला, तळ वाळूचा आणि उतार अगदी मंद. त्यामुळे लाट लांबवरच फुटते आणि किनाऱ्याकडे येते ती नुसता पांढरा फेस होऊन. नवशिक्यांना हाच फेस लागतो. नोव्हेंबर ते एप्रिल इथे समुद्र निवळलेला असतो. मी फेब्रुवारीत गेले.

शिकवणारा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा. पहिल्याच वाक्यात त्यानं मला ‘अक्का’ म्हटलं. मी चमकले, इतकं घरचं वाटलं. सिंहलीतही अक्का म्हणजे थोरली बहीणच. धाकट्या भावाला मल्ली म्हणतात, म्हणून तो माझा मल्ली झाला.

मल्लीनं आधी मला वाळूवर सरळ उभं केलं आणि पाठीमागून अचानक हलकाच धक्का दिला. तोल सावरायला उजवा पाय पुढे पडला. तो हसला, “गूफी!” उजवा पाय पुढे ठेवणाऱ्यांना सर्फिंगच्या भाषेत हेच म्हणतात. मग अर्धा तास वाळूतच पालथं पडून उठायचा सराव. तळवे बरगड्यांपाशी, छाती वर, आणि एका झटक्यात पाय पोटाखाली. रोज सूर्यनमस्कार घालते म्हणून मी जरा मिजाशीत होते. पण सूर्यनमस्कारात पाय सावकाश पुढे घेतला तरी चालतं.

पाण्यात जाताना त्यानं बजावलं, “बोर्ड कधी आपल्या आणि लाटेच्या मध्ये येऊ द्यायचा नाही. बाजूला धरायचा. नजर लाटेवर.” म्हणजे आजीचंच म्हणणं! मी खूश. कमरेएवढ्या पाण्यात पोचलो, नऊ फुटी मऊ बोर्डाची दोरी मागच्या घोट्याला होतीच, आणि तो म्हणाला, “आता वळा. किनाऱ्याकडे तोंड करून झोपा.”

बोर्डावर पालथी पडले. समोर नारळाची रांग, एक रिक्षा, वाळूत झोपलेलं कुत्रं. आणि पाठीमागे अख्खा हिंदी महासागर, जो मला दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता. आधी आवाज येतो, मग बोर्डाची शेपटी उचलली जाते, मग पोटात खड्डा. “अप, अक्का, अप!” मी गुडघ्यावर आले आणि गेले. नाकात, कानात, घशात मीठ. बुडून वर येताना डोकं हातांनी झाकायचं असतं, बोर्ड लागू नये म्हणून. ते मला नेमकं वर आल्यावर आठवायचं.

अकरा वेळा पडले. मधे दम खायला बोर्डाला रेलून राहिले, तर समोर लहानसं हिरवं बेट आणि झाडीत लपलेलं घर. पॉल बोल्स या अमेरिकी लेखकानं १९५०च्या दशकात ते विकत घेतलं होतं. तिथे घरी जायचं तर पाण्यातून चालत जायचं. लेखकाला पाहुणे टाळायची याहून चांगली सोय सापडणार नाही.

बाराव्या लाटेला उभी राहिले. खरंच, दोन्ही पायांवर. खालून पाणी सळसळत पुढे चाललेलं, किनारा माझ्याकडे येत असलेला, कुत्र्यानंसुद्धा मान वर केलेली. आणि मी मागे वळून पाहिलं.

पडल्यावर मल्ली पाणी तुडवत आला. “मागे काय होतं, अक्का?” त्याला खरोखरच कळत नव्हतं. माझ्या तोंडात इतकं पाणी होतं की सांगता येण्यासारखं असतं तरी सांगता आलं नसतं.

त्यानंतर आणखी तीनदा उभी राहिले, एकदा तर तळाची वाळू बोर्डाला घासेपर्यंत.

नऊ वाजता खानावळीत इंदिआप्पा समोर आला, म्हणजे आपले शिरवाळेच, पण इथे गुळाच्या रसाऐवजी खोबऱ्याची लालभडक तिखट चटणी. ओले केस ताटात येत होते आणि बांधायला हात खांद्याच्या वर जाईनात. मालकीणबाईंनी दोनदा पाहिलं. मग हात पदराला पुसत मागे आल्या, आणि काही न बोलता माझा अंबाडा घालून देऊन चुलीकडे परत गेल्या.