आज्जींनी पाहिलेला शनी

7 डिसेंबर 2024, चंपाषष्ठी. त्या संध्याकाळी आम्ही शाळेच्या मैदानावर निपाणीकरांसाठी मोफत आकाशदर्शन ठेवले होते. बेळगाव-कोल्हापूरकडचे हौशी मित्र पदरमोड करून तीन दुर्बिणी घेऊन आले. शेजाऱ्यांनी आमच्या विनंतीवरून बाहेरचे दिवे बंद ठेवले.

दिवस मुद्दाम निवडला होता. त्या दिवशी गुरू सूर्याच्या बरोबर समोर होता, म्हणून सूर्य मावळताच तो पूर्वेला उगवला. शनी चंद्राच्या आसपास होता. गॅलिलिओने 1610 मध्ये पाहिलेले गुरूचे चंद्र मुलांनी बोटांवर मोजले.

रांगेत मराठी आणि कन्नड दोन्ही ऐकू येत होते. शनीच्या दुर्बिणीपाशी मात्र रांग अडली. विड्या वळणाऱ्या एक आज्जी मागे सरल्या. "घरात साडेसाती हाय. त्याची नजर कशाला घेऊ?"

काही मुले हसली. त्यांना आम्ही गप्प केले. भीती हसून जात नाही. सातवीतली नात म्हणाली, "आज्जी, तो आपल्याला बघत नाही, आपणच त्याला बघतोय. त्याच्याकडनं उजेड इथं यायलाच 80 मिनिटं लागतात."

आज्जींनी डोळा लावला. 2025 च्या मार्चमध्ये शनीची कडी पृथ्वीवरून कडेने दिसायची होती, त्यामुळे ती आताच सुईसारखी बारीक झाली होती. आज्जी बराच वेळ हलल्या नाहीत.

"एवढासाच हाय की गं!"

आमच्या खटपटीचे तिथेच चीज झाले. पुढच्या आकाशदर्शनाला पालकांनी घरच्या वडीलधाऱ्यांनाही जरूर आणावे, ही विनंती.