किती पायऱ्या आहेत?

माझ्या टेबलाच्या खणात एक शंभर पानी वही आहे. त्यात मालदीवमधल्या रिसॉर्टांची नावं आणि नावांपुढे आकडे आहेत. दर नाहीत, ते कॉम्प्युटरमध्ये असतात. वहीत असं काही लिहिलेलं असतं : ‘बोटीतून जेट्टीवर २ पायऱ्या, ओहोटीला ४. जेट्टीपासून शेवटची व्हिला, चालत नऊ मिनिटं. बाथरूमचा उंबरा चार बोटं. डेकला कठडा नाही.’ नवीन मुलगी कामाला लागली तेव्हा तिनं ही वही चाळली आणि विचारलं, “मॅडम, तुम्ही आधी बांधकाम खात्यात होता का?”

नव्हते. मी आधी फोर्टातल्या एका ट्रॅव्हल कंपनीत तिकिटांच्या काउंटरवर चौदा वर्षं काढली आणि २०११ पासून डोंबिवलीतल्या आमच्या फ्लॅटच्या एका खोलीत स्वतःचा व्यवसाय करते. व्हिजिटिंग कार्डावर ‘ट्रॅव्हल अ‍ॅडव्हायजर’ असं आहे. लोक ‘एजंट’च म्हणतात.

माझ्या बुकिंगमधला मोठा वाटा मालदीवचा. मुंबईहून सरळ विमान पावणेतीन तासांत माले गाठतं, भारतीयांना उतरल्यावर व्हिसा फुकट मिळतो आणि नव्या लग्नातल्या जोडप्यांना फोटो हवे असतात. या देशात सुमारे बाराशे बेटं, त्यातल्या जेमतेम दोनशेंवर वस्ती. जॉर्ज कॉर्बिन नावाचा एक इटालियन टूरवाला तिथं पोचला आणि १९७२ साली विहामनाफुशी बेटावर पहिलं रिसॉर्ट उघडलं. ते आजही ‘कुरुंबा’ या नावानं चालू आहे. कुरुंबा म्हणजे शहाळं. म्हणजे या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी माझाच एक धंदाबंधू आहे. ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ ही रीत तिथून पडली. बेटावर वीज, पाणी, जेवण, डॉक्टर जे काही असेल ते त्या रिसॉर्टचं; नसेल ते नाही. चुकीचं हॉटेल निघालं तर गोव्यात रिक्षा करून दुसरीकडे जाता येतं. इथं चुकीचं बेट निघालं की चहूबाजूंनी समुद्र. त्यामुळे सल्ला देणाऱ्याची जबाबदारी वाढते, असं मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगते. सांगायला बरं वाटतं.

आम्ही सल्ला देतो तो कशाच्या जोरावर, हेही सांगून टाकते. वर्षा-दोन वर्षांनी रिसॉर्टवाले आम्हाला ‘फॅम ट्रिप’ला नेतात. तीन दिवसांत पाच-सहा बेटं. सकाळी स्पीडबोटीतून उतरायचं, गार टॉवेल आणि शहाळं घ्यायचं, सेल्सची मुलगी बग्गीतून व्हिला दाखवत फिरवते. पलंगावर टॉवेलांचे हंस. सगळे फोटो काढतात, पलंगावर कुणी बसत नाही, कारण लगेच पुढचा गट यायचा असतो. जेवण, भेटवस्तू, पुढची बोट. मी आजवर तिथल्या सत्तर-ऐंशी खोल्या ‘पाहिल्यात’. झोपलेय सहांत. आणि त्या सहांपैकी एकीचेही पैसे, २०२४ पर्यंत, मी भरलेले नव्हते. कमिशन दहा ते पंधरा टक्के असतं, म्हणजे खोली जितकी महाग तितका माझा सल्ला फायद्याचा. हे सगळं माहीत असूनही मी स्वतःला प्रामाणिक समजत होते, आणि बऱ्यापैकी होतेही. पाहिलेल्या प्रत्येक जागेबद्दल मी खरंच सांगायचे. फक्त ते पाहणारे डोळे आणि चालणारे पाय पंचेचाळिशीतल्या धडधाकट बाईचे होते.

२०१९ च्या फेब्रुवारीत ताईच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. ताई-भाऊजी आयुष्यात काश्मीर आणि चारधाम एवढंच फिरलेले, तेही बसच्या टूरनं. भाऊजींना तीन वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं होतं. हात थरथरायचा, चाल बारीक झाली होती, पण स्वतःचं स्वतः करत होते. ताई म्हणाली, “एफडी मोडतेय. पुढं त्यांना जमेल न जमेल. तू जिथं सगळ्यांना पाठवतेस ना, तिथं आम्हाला पाठव. आणि हे बघ, त्यांच्या आजाराचं तिथं कुणाला सांगू नकोस. त्यांना आवडत नाही.”

मी हो म्हटलं. कमिशन सोडलं, शिवाय ओळखीनं दर पाडून घेतला आणि माझ्या यादीतलं सगळ्यात आवडतं रिसॉर्ट दिलं. सीप्लेननं पाऊण तास, चार रात्री, वॉटर व्हिला. त्या व्हिलाची खासियत म्हणजे पलंग आणि बाथरूम यांच्या मधल्या जमिनीत बसवलेली काच. खाली समुद्र, रात्री दिवा लावला की मासे जमतात. माझ्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये पहिला फोटो त्या काचेचा असायचा.

अनोळखी गिऱ्हाइकाला मी वीसेक प्रश्न विचारते. पोहता येतं का, कांदा-लसूण चालतो का, रिकामं बसता येतं का (हा फार महत्त्वाचा, पुष्कळांना तिसऱ्या दिवशी वेड लागायची पाळी येते). ताईला मी एकही विचारला नाही. ती माझी सख्खी बहीण, तिचं मला सगळं माहीत होतं. रिझर्व्हेशनच्या फॉर्ममध्ये ‘विशेष सूचना’ या रकान्यात मी लिहिलं : ‘विवाहाचा चाळिसावा वाढदिवस. केक.’

त्यांनी फोटो पाठवले. ताई डेकवर, ताई नारळाखाली, भाऊजी खुर्चीत. भाऊजी पुन्हा खुर्चीत, पण ती खुर्ची वाळूत होती. परत आल्यावर ताई म्हणाली, “छान होतं गं. स्वप्नात गेल्यासारखं.” भाऊजींनी मान डोलावली. मी तो फोटो त्यांच्या परवानगीनं ‘ज्येष्ठांसाठीही मालदीव’ अशा ओळीखाली दोन वर्षं वापरला.

२०२१ च्या पावसाळ्यात भाऊजी गेले. त्यानंतरच्या वर्षीच्या दिवाळीत ताई माझ्याकडे राहायला आली होती. फराळ झाला, मी एका गिऱ्हाइकासाठी प्रेझेंटेशन करत बसले होते, ती शेजारी लसूण सोलत होती. पडद्यावर ती काच आली.

ताई म्हणाली, “हिच्यावर मी शाल टाकली होती.”

मला वाटलं, लाज वाटून की काय. मग तिनं सांगितलं. लसूण सोलता सोलता, अधूनमधून पाकळ्या मोजत.

पार्किन्सन्सच्या माणसाचे पाय मधेच जमिनीला खिळतात. दाराच्या चौकटीशी, अरुंद जागी, फरशीचा रंग बदलला की. उलट जमिनीवर आडव्या पट्ट्या मारल्या, तर त्या ओलांडायला पाय बरोबर उचलला जातो. घरी फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून ताईनं दारात पिवळ्या टेपच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. मी त्या पाहिल्याही होत्या आणि ‘हे काय?’ असं विचारायचं राहून गेलं होतं. तर त्या व्हिलामध्ये बाथरूमला जायला काच ओलांडण्यावाचून मार्ग नव्हता. भाऊजी काचेच्या कडेला येऊन उभे राहत. पुढं पाऊल पडेना. खाली हलतं पाणी. पहिल्या रात्री ते तसे किती वेळ उभे होते ते ताईला आठवत नाही. पण ते वेळेत पोचले नाहीत, एवढं तिनं सांगितलं. मग तिनं आपली शाल काचेवर अंथरली. शाल सरकायला लागली. दुसऱ्या दिवशी हाउसकीपिंगला आलेल्या बांगलादेशी पोरानं ते पाहिलं, काही न विचारता निघून गेला आणि कुठूनसा काथ्याचा जाड पायपुसण्यांचा संच घेऊन आला. चार पायपुसणी ओळीनं मांडून दिली. भाऊजी त्यांच्यावरून चालले.

आणि तिथवर पोचणं? मालेच्या सीप्लेन टर्मिनलवर तरंगता फलाट, तो हलतो. विमान सतरा-अठरा माणसांचं ट्विन ऑटर, त्याला चार-पाच अरुंद पायऱ्यांची शिडी. दोघांनी भाऊजींना बखोटीला धरून चढवलं. विमानात सगळ्यांनी वळून पाहिलं. बेटापाशी विमान थेट जेट्टीला लागत नाही, समुद्रात नांगरलेल्या छोट्या तराफ्याला लागतं. तिथून धोणीत. (धोणी म्हणजे आपली डोणीच. शब्दाची गंमत मी गिऱ्हाइकांना सांगते, ते खूश होतात.) तराफा आणि धोणी दोन्ही हलत असताना एका हलत्या वस्तूवरून दुसऱ्या हलत्या वस्तूवर पाऊल टाकायचं. व्हिलाच्या डेकला कठडा नाही, कारण कठडा आला तर फोटो बिघडतो. ताई चारही रात्री दाराला खुर्ची लावून झोपली.

तिसऱ्या दिवसापासून ती सकाळीच बग्गी बोलावून त्यांना किनाऱ्यावर नेऊन बसवायची. खुर्ची पाण्याच्या कडेला. तिथं त्यांना बरं वाटायचं, पाय पाण्यात सोडून बसायचे. मी वापरला तो फोटो तेव्हाचा. बीच व्हिला घेतली असती तर खोलीतून चार पावलांवर हीच जागा होती, तीही कमी पैशात.

“मला सांगितलं का नाहीस?”

“तू एवढं प्रेमानं केलंस. आणि तेच म्हणाले, तिला बोलू नकोस, ती पैसेसुद्धा घेत नाहीये.”

त्या रात्री मी फोटो काढून टाकला. एवढ्यानं काय होतंय म्हणा.

मग वही सुरू झाली. रिसॉर्टांना मी मेल टाकू लागले : पायऱ्या किती, बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का, पाण्याच्या पातळीत फरक किती पडतो. सुरुवातीला उत्तरादाखल ब्रोशर यायचं. एकानं ‘आमच्याकडे एकूण चार पूल आहेत’ असं कळवलं. हळूहळू काहीजण टेप लावून मोजून फोटो पाठवायला लागले. आजी-आजोबा बरोबर असले की मी आता सरळ सांगते : सीप्लेन नको, मालेच्या जवळच्या अटोलमधलं स्पीडबोटीचं बेट घ्या, बीच व्हिला घ्या. सीप्लेन फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान दुपारनंतर पोचलं तर रात्र मालेत काढावी लागेल. ५०० डॉलर्सची खोली म्हणजे ५०० नव्हे. दहा टक्के सर्व्हिस चार्ज, त्यावर १७ टक्के कर आणि माणशी रोजचा १२ डॉलर्स ग्रीन टॅक्स धरून दोघांचे साडेसहाशेच्या वर जातात. जूनमध्ये दर उतरतात कारण आपल्याकडे येणारा नैऋत्येचा पाऊस त्यांच्याही डोक्यावर असतो. हे ऐकून काहीजण दुसरीकडे बुकिंग करतात. मागच्या वर्षी ठाण्याच्या एका कुटुंबानं मला स्पष्ट सांगितलं, “तुम्ही फार निगेटिव्ह बोलता.” त्यांचे आजोबा सीप्लेननं गेले आणि, मी फोटो पाहिले, मजेत होते. असंही होतं.

२०२४ च्या जानेवारीत मालदीववर बहिष्काराची लाट आली, आठवत असेल. माझी पाच बुकिंगं आठवड्यात रद्द झाली. हातात वेळच वेळ. मी ताईला म्हटलं, “चल, जाऊन येऊ. माझ्या पैशानं, पूर्ण दरानं.” तिचा मुलगा चिडला, ‘आत्ताच कशाला तिकडे’ म्हणून. ताई म्हणाली, “मला कुठं भाषण करायचंय तिथं?” मार्चमध्ये गेलो.

पहिल्या दोन रात्री माफुशीवर काढल्या. हे वस्तीचं बेट आहे, रिसॉर्ट नव्हे. २००९ पर्यंत पर्यटकांना अशा बेटांवर गेस्टहाउसात राहता येत नसे. आता गल्लोगल्ली गेस्टहाउसं आहेत. दारू नाही, पोहण्याच्या कपड्यांसाठी वेगळा किनारा, पहाटे बांग. न्याहारीला मास हुनी आलं : ट्यूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, सोबत रोशी. ताईनं एक घास घेतला आणि म्हणाली, “अगं, ही तर किसमूर. फक्त सुकटीच्या जागी मोठा मासा.” दोन रोश्या जास्त खाल्ल्या.

मग दोन रात्री तेच रिसॉर्ट, त्याच ओळीतली व्हिला. मी कार्ड घासलं तेव्हा आकडा पाहून माझा हात जरा थांबला. एवढे पैसे लोक माझ्या एका वाक्यावर देतात. तराफ्यावरून धोणीत पाऊल टाकताना मी ताईचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं मलाच काही धरायला सापडेना. ते वहीत लिहिलंय. त्या बांगलादेशी मुलाची चौकशी केली. पाच वर्षांत सगळा स्टाफ बदललेला, नावही ताईला नीट आठवत नव्हतं.

रात्री मी आंघोळ करून बाहेर आले तर ताई काचेपाशी. दिवा तिनंच लावला होता. आधी कडेला उभी होती, मग गुडघे धरत खाली बसली आणि वाकून पाहायला लागली. बराच वेळ.

“तेव्हा हे पाहिलंच नव्हतं,” ती म्हणाली. “झाकूनच ठेवलं होतं ना.”

खाली दोन पट्टेरी मासे एकाच जागी घुटमळत होते. वाळूवर हातभर लांबीचं काळं काहीतरी पडलं होतं. ते काय, असं तिनं विचारलं.

“समुद्रकाकडी.”

“जिवंत आहे?”

“हो.”

“हलत कसं नाही?”

“हलतं. फार सावकाश.”

ती तशीच बसून राहिली. मी पलंगावर बसून तिची वाट पाहिली. उठताना तिला हात द्यावा लागणार होता, आणि तिथं धरायला काहीच नव्हतं.